वाचकांचे प्रश्न : झाड ओळखायचे ते कशावरून?

आर्बोरिस्ट, म्हणजे झाडांची निगा राखणारा तज्ज्ञ, या प्रमाणपत्र परीक्षेची तयारी करणाऱ्या वाचकांनी वृक्ष-ओळखीबद्दल बरेच प्रश्न पाठवले आहेत. त्यांतले वारंवार विचारलेले प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न : यादीत सुमारे १५० जाती आहेत. सगळ्यांची छायाचित्रे पाठ झाली आहेत, पण प्रत्यक्ष झाडाखाली उभे राहिले की नाव सुचत नाही. अभ्यासात काय चुकते आहे?

उत्तर : छायाचित्र पाठ केले की छायाचित्रच पाठ होते. बहुतेक छायाचित्रांत झाड बहरलेले असते आणि बहर असतो वर्षातले काही आठवडे. उरलेल्या दिवसांत तुमच्यासमोर असते ते हिरवे पान, खोड आणि जमिनीवर पडलेले एखादे वाळके फळ. म्हणून आधी झाड पाहण्याचा क्रम पाठ करा, नावे त्यामागून येतील. क्रम दर वेळी तोच हवा.

सर्वांत आधी पानांची मांडणी पाहावी. फांदीवर पाने एकाआड एक आहेत, समोरासमोर आहेत की एकाच सांध्यावर तीन किंवा अधिक पानांचे वलय आहे? वृक्षांमध्ये एकाआड एक पाने असणाऱ्या जाती पुष्कळ, समोरासमोरच्या कमी आणि खरे वलय असणाऱ्या फारच थोड्या. त्यामुळे समोरासमोर मांडणी दिसली की यादीचा मोठा भाग एका नजरेत बाद होतो. समोरासमोरच्या जाती वेगळ्या लिहून काढाव्यात आणि त्यांच्या आद्याक्षरांचा एक शब्द करावा. सागवान, जांभूळ, कदंब, शिवण, चंदन यांचे ‘सा-जां-क-शि-चं’ असे काही. तुमच्या यादीनुसार शब्द बदलेल, आणि स्वतः केलेला शब्द जास्त टिकतो.

इथे दोन गफलती नेहमी होतात. एक पान गळून गेले की समोरासमोरची जोडी एकाआड एक वाटू लागते. अशा वेळी गळलेल्या देठाचा वण शोधावा आणि निदान तीन-चार फांद्या पाहाव्यात. दुसरी गफलत फांदीच्या टोकाकडे होते. देशी बदाम आणि मोह यांची पाने टोकाशी इतकी दाटीने येतात की वलय वाटते, पण ती एकाआड एकच असतात. टोक सोडून जरा मागे पाहिले की सांधे वेगवेगळे दिसतात. सातविणीचे वलय मात्र खरे असते. एकाच सांध्यावर चार ते सात पाने, आणि पान तोडले की पांढरा चीक.

मांडणीनंतर पान साधे की संयुक्त ते ठरवावे (याबद्दल पुढे लिहिले आहे). मग पानाची कड, शिरा, देठावरच्या गाठी, उपपर्णे (देठाच्या बुडाशी येणारी पानासारखी लहान अंगे). मग चीक आणि वास. मग साल. फूल-फळ सगळ्यांत शेवटी, असले तर. फुलापासून सुरुवात करण्याचा मोह होतो, कारण ते चटकन डोळ्यांत भरते. पण फुलावर विसंबून केलेला अभ्यास बहर ओसरला की उपयोगी पडत नाही. निदान पहिले सहा आठवडे तरी फुलांकडे पाहूच नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

प्रश्न : संयुक्त पान आणि बारीक फांदीवरची साधी पाने यांत फरक कसा करायचा?

उत्तर : डोळा शोधा. खऱ्या पानाच्या बगलेत, म्हणजे देठ फांदीला जिथे जुळतो तिथे, पालवीचा डोळा असतो. पर्णिकेच्या, म्हणजे संयुक्त पान ज्या छोट्या पानांत विभागलेले असते त्यांतल्या एकाच्या, बुडाशी तो कधीच नसतो. कडुनिंबाची एक ‘काडी’ घेऊन बुडापासून टोकापर्यंत बोट फिरवले तर कोणत्याही पर्णिकेपाशी डोळा सापडणार नाही. तो सापडतो काडी मुख्य फांदीला जुळते तिथे. म्हणजे ती पूर्ण काडी हेच एक पान. गुलमोहरासारख्या दोनदा विभागलेल्या पानालाही हाच नियम लागू पडतो. पान फूटभर लांब असले, त्यात शेकडो पर्णिका असल्या तरी डोळा एकच.

डोळा इतका लहान असतो की नुसत्या नजरेला दिसत नाही, तेव्हा दहापट मोठे दाखवणारे हस्तभिंग लागते. भिंग स्वतःच्या डोळ्याला चिकटवून धरावे आणि पान जवळ आणावे. उलटे केले, म्हणजे भिंग पानाजवळ आणि स्वतःचा डोळा लांब ठेवला, तर धूसर चकतीपलीकडे काही दिसत नाही. काही झाडांत डोळा देठाच्या पोकळ बुडाखाली झाकलेला असतो. प्लेन वृक्षाचे, म्हणजे प्लॅटॅनसचे, पान हळूच ओढून काढले की तो दिसतो.

तीन पर्णिकांच्या पानांनी अनेकांचे गुण जातात, म्हणून ती इथेच पाहू. पळस, पांगारा, बेल आणि वायवर्ण या चौघांचीही पाने तीन पर्णिकांची. पळसाच्या पर्णिका जाड, चामड्यासारख्या, कडेच्या दोन तिरप्या, आणि झाडाला काटे नाहीत. पांगाऱ्याच्या फांद्यांवर काटे असतात आणि पर्णिका रुंद, त्रिकोणाकडे झुकणाऱ्या. बेलाचे पान उजेडासमोर धरले की तेलाचे पारदर्शक ठिपके दिसतात, चुरगळल्यावर सुवास येतो आणि पानाच्या बगलेत सरळ काटे असतात. वायवर्णाला ठिपकेही नाहीत आणि काटेही नाहीत. चारही ओळखायला फुलाची गरज पडली नाही, एवढे लक्षात घ्यावे.

काट्यांचेही प्रकार असतात. काटेसावरीचे शंकूसारखे काटे सालीतून निघालेले असतात, बाजूने दाबले तर मोडून पडतात. बाभळीचे काटे उपपर्णांचे बनलेले, म्हणून पानाच्या बुडाशी जोडीने येतात. बेलाचा काटा बगलेतून निघतो, म्हणजे ते फांदीचेच रूप आहे. परीक्षेत नुसते ‘काटेरी’ असे वर्णन क्वचितच येते. काटा कुठून आला हेच विचारलेले असते.

प्रश्न : गुलमोहर, सोनमोहर आणि नीलमोहर फुले नसताना सारखेच दिसतात. खात्रीने वेगळे कसे करायचे?

उत्तर : तिघांचीही पाने पिसासारखी, दोनदा विभागलेली. लांबून फसायला होते यात नवल नाही, पण फांदी हातात आली की शंका राहत नाही. मांडणीपासून सुरुवात करा. नीलमोहराची पाने समोरासमोर असतात, बाकी दोघांची एकाआड एक. इथेच एक वेगळा झाला. खात्रीसाठी पानाच्या एका उपशाखेचे टोक पाहा. नीलमोहरात टोकाची पर्णिका बाकीच्यांपेक्षा मोठी आणि टोकदार असते.

उरले दोन. सोनमोहराच्या कोवळ्या फांद्या, देठ आणि कळ्या गंजाच्या रंगाच्या बारीक लवेने झाकलेल्या असतात. बोट फिरवले तर मखमल लागते. गुलमोहराच्या देठाच्या बुडाशी मोठी, कंगव्यासारखी विभागलेली उपपर्णे असतात. ती कोवळ्या फांदीवरच शोधावीत, जुन्या फांदीवरून गळून गेलेली असतात. ‘उपपर्णे नाहीत’ असे लिहिणारे बहुधा जुनी फांदी पाहून लिहितात.

झाडाखालीही पुरावा पडलेला असतो. गुलमोहराची शेंग लाकडासारखी कठीण, ३० ते ६० सेंटिमीटर लांब. सोनमोहराची शेंग चपटी, ५ ते १० सेंटिमीटरची, दोन्ही टोकांना निमुळती, तांबूस तपकिरी. नीलमोहराचे फळ शेंग नव्हेच. ती सुमारे ५ सेंटिमीटरची चपटी गोल डबी असते, उकलली की आत पातळ पंखांच्या बिया. नीलमोहर वेगळ्याच कुलातला, बिग्नोनिएसी कुलातला आहे. इतर दोन फॅबेसीतले. नावातला ‘मोहर’ नात्याचा पुरावा नव्हे.

अशाच जोड्या तयार करून समोरासमोर ठेवून अभ्यास करावा. कडुनिंब आणि बकाण निंब : कडुनिंबाचे पान एकदाच विभागलेले, बकाणाचे दोन-तीनदा, कडुनिंबाचे फूल पांढरे, बकाणाचे फिकट जांभळे. शिरीष आणि पर्जन्यवृक्ष : शिरीषाची शेंग कागदी, पेंढ्याच्या रंगाची, वाऱ्यावर खुळखुळणारी, पर्जन्यवृक्षाची काळपट, आत चिकट गर असलेली. अर्जुन आणि ऐन : अर्जुनाची साल गुळगुळीत, फिकट, मोठ्या पातळ पापुद्र्यांनी सुटणारी, ऐनाची खोल भेगांची, मगरीच्या पाठीसारखी. ऐनाच्या पानाखाली मध्यशिरेवर बुडाजवळ देठयुक्त गाठी असतात, त्या शोधल्या की कोवळ्या झाडातही चूक होत नाही.

प्रश्न : शास्त्रीय नावे लक्षात राहत नाहीत. शिवाय दोन पुस्तकांत एकाच झाडाची दोन नावे सापडतात. मराठी नावांवर भागणार नाही का?

उत्तर : नाही भागणार. ‘चाफा’ घ्या. सोनचाफा मॅग्नोलिएसी कुलातला, पांढरा चाफा एपोसायनेसीतला, हिरवा चाफा ॲनोनेसीतला वेल आणि नागचाफा आणखी चौथ्याच कुलातला. सीता अशोक म्हणजे सराका असोका, त्याचे पान संयुक्त. ज्या उंच, निमुळत्या झाडाला सर्रास अशोक म्हणतात त्याचे पान साधे, कडा लाटांसारख्या, आणि ते सीताफळाच्या कुलातले. इंग्रजी नावांचीही हीच गत आहे. डग्लस फर हे खरे फर नव्हे, माउंटन ॲश हे खरे ॲश नव्हे.

शास्त्रीय नाव घोकण्याऐवजी ते फोडून अर्थ लावावा. पहिला शब्द प्रजातीचा, दुसरा जातीचा. दुसरा शब्द बहुतेकदा वर्णन असतो : ग्रँडिस म्हणजे मोठा, मायक्रोकार्पा म्हणजे लहान फळांचा, लाँगिफोलियम म्हणजे लांब पानांचा, मोनोस्पर्मा म्हणजे एकबीजी, हेटेरोफायलस म्हणजे वेगवेगळ्या आकारांच्या पानांचा. शेवटचे नाव फणसाचे. फणसाच्या रोपाची पाने खंडित असतात आणि मोठ्या झाडाची अखंड, हे नावच सांगते. मात्र इंडिका पाहून मूळ स्थान ठरवू नये. टॅमॅरिंडस इंडिका, म्हणजे आपली चिंच, मूळची आफ्रिकेतली.

रोमन लिपीत लिहिताना प्रजातीचे पहिले अक्षर मोठे, जातीचे नाव पूर्ण लहान अक्षरांत. संपूर्ण नाव छापील मजकुरात तिरपे, हाताने लिहिताना अधोरेखित. लागवडीच्या वाणाचे नाव एकेरी अवतरणात आणि सरळ. उत्तर लिहायचे असेल तिथे या नियमांचेही गुण जातात.

दोन नावांचे कारण असे, की नाते नव्याने कळले की वर्गीकरण बदलते. बाभूळ पूर्वी अकेशिया निलोटिका होती, आता वॅचेलिया निलोटिका. खैर सेनेगॅलिया कॅटेचू झाला. २००५ च्या व्हिएन्ना येथील वनस्पतिशास्त्र काँग्रेसने अकेशिया हे नाव ऑस्ट्रेलियातल्या मोठ्या गटाकडे ठेवले आणि २०११ मध्ये मेलबर्नला तो निर्णय कायम राहिला. खोट्या अशोकाचे पॉलिअल्थिया लाँगिफोलिया हे नाव आता मोनून लाँगिफोलियम आहे. परीक्षेची अधिकृत यादी जे नाव देते तेच पहिले शिकावे, दुसरे कार्डाच्या कोपऱ्यात लिहून ठेवावे.

प्रश्न : पानगळीत झाड कसे ओळखायचे?

उत्तर : पान गळाले तरी मांडणी शिल्लक असते, देठांच्या वणांच्या रूपात. वण समोरासमोर आहेत की एकाआड एक, त्यांचा आकार गोल, अर्धचंद्राकृती की ढालीसारखा, आत वाहिन्यांचे ठिपके किती, हे सगळे भिंगाखाली दिसते. मग डोळा : टोकाला आहे का, त्यावर खवले किती. फांदी तिरपी कापून गाभा पाहावा. अक्रोडाच्या प्रजातीत गाभ्याला आडवे पडदे असतात, कप्पे केल्यासारखे.

फांदीभोवती पूर्ण गोल कडे दिसले तर ती महत्त्वाची खूण आहे. वड, पिंपळ, उंबर यांत कोवळा कोंब उपपर्णांच्या टोपीत असतो आणि टोपी गळाली की कडे उरते. पण कडे दिसले की लगेच ‘फायकस’ लिहू नये. सोनचाफ्यालाही असेच कडे असते. चीक आला तर फायकस किंवा फणसाची प्रजाती, चीक नसेल तर मॅग्नोलिया.

साल शेवटी पाहावी आणि ती माणसाच्या उंचीला, खोडाच्या सर्व बाजूंनी. कोवळ्या आणि जुन्या झाडाची साल एक नसते. कांडोळासारखे पांढरे, गुळगुळीत, कागदी खोड अपवादानेच भेटते. आणखी एक सापळा : सुरूच्या झाडाच्या ‘सुया’ म्हणजे पाने नव्हेत, बारीक डहाळ्या आहेत. भिंगाखाली सांध्या-सांध्यावर ६ ते ८ खवल्यांचे वलय दिसते, ती खरी पाने. फळ शंकूसारखे दिसले तरी सुरू सपुष्प वृक्ष आहे, पाइनच्या गटातला नव्हे. पाइनच्या सुया दोन, तीन किंवा पाचच्या जुडग्यात येतात. स्प्रूसची सुई एकेकटी, चौकोनी, बोटांत फिरते. फरची चपटी, फिरत नाही, आणि गळाल्यावर फांदीवर गोल गुळगुळीत वण ठेवते.

प्रश्न : वास आणि चीक पाहताना चव घेतली तर चालते का?

उत्तर : चव घेऊ नये, कोणत्याही अनोळखी झाडाची. काजऱ्याच्या बिया विषारी आहेत, बिब्ब्याच्या रसाने कातडीवर फोड येतात. चीक पाहायला पानाचा देठ तोडून टोक कागदावर टेकवावे, बोटावर नव्हे. रंग बदलतो का ते पाहण्यासाठी मिनिटभर थांबावे. डोळ्यांना हात लावण्याआधी साबणाने हात धुवावेत.

प्रश्न : मोबाइलवरचे ओळख-ॲप अभ्यासाला वापरावे का?

उत्तर : वापरावे, पण स्वतःचे उत्तर कागदावर लिहिल्यानंतर. ॲपने वेगळे नाव दिले तर दोन्ही नावांची वैशिष्ट्ये काढून झाडाशी ताडून पाहावीत, शिकणे त्या ताडण्यातच होते. बुंध्यावरच्या फुटव्याचे छायाचित्र देऊ नये. छाटलेल्या सागवानाच्या फुटव्याची पाने अवाढव्य असतात, निलगिरीच्या कोवळ्या फांदीची पाने समोरासमोर तर मोठ्या झाडाची एकाआड एक असतात. या फरकाने ॲप फसते आणि माणूसही फसतो.

प्रश्न : नमुने वाळवून ठेवायचे आहेत. पाने काळी पडतात किंवा पर्णिका झडतात. काय करावे?

उत्तर : काळेपणा ओलाव्यामुळे येतो. वर्तमानपत्राच्या घड्यांत नमुना ठेवून वर सपाट, जड वजन द्यावे आणि पहिले चार दिवस कागद रोज बदलावा, नंतर दिवसाआड. साधारण ७ ते १० दिवसांत नमुना वाळतो. गालाला लावल्यावर गार लागला तर अजून ओला आहे. कागद न बदलता वजन वाढवत राहिले तर बुरशी हमखास. चिंचेसारख्या झाडाच्या पर्णिका वाळताना झडतातच. त्या लहान कागदी पाकिटात भरून त्याच पानावर चिकटवाव्यात.

नमुन्याला फांदीचा तुकडा हवाच, सुटे पान नको. मांडणी आणि डोळा त्यातच दिसतो. निदान एक पान उलटे ठेवावे, म्हणजे खालची लव आणि गाठी दिसतात. चिकटवण्याचा कागद सुमारे ४२ × २९ सेंटिमीटरचा असतो. वाळल्यावर जे नाहीसे होते ते तोडतानाच चिठ्ठीवर लिहावे : फुलाचा रंग, वास, चिकाचा रंग, सालीचे रूप, झाडाची उंची आणि तारीख. फांदी सिकेटरने (छाटणीच्या कात्रीने), परवानगी घेऊनच कापावी.

प्रश्न : परीक्षेत ओळख हा एकच विषय नाही. मग त्यासाठी किती वेळ द्यावा, आणि आर्बोरिस्टच्या कामात याचा उपयोग तरी किती?

उत्तर : उपयोगाचे आधी. इंटरनॅशनल सोसायटी ऑफ आर्बोरिकल्चरच्या सर्टिफाइड आर्बोरिस्ट परीक्षेत प्रश्न बहुपर्यायी असतात आणि ओळख हा विषय योग्य झाडाच्या निवडीशी जोडून येतो. कारण कामातही तो तसाच येतो. एमराल्ड ॲश बोरर ही कीड उत्तर अमेरिकेत २००२ मध्ये प्रथम आढळली. तिच्या अळ्या सालीखालचा अन्नवाहक थर पोखरतात आणि झाड वाळते. ती मुख्यतः फ्रॅक्सिनसवर, म्हणजे खऱ्या ॲशवर जगते. माउंटन ॲशला तिच्यासाठी औषध टोचणे म्हणजे झाडाला विनाकारण भोके पाडणे. दोघांची पाने पिसासारखी, पण ॲशची समोरासमोर आणि माउंटन ॲशची एकाआड एक. बॉक्स एल्डरची पानेही समोरासमोर आणि संयुक्तच असतात, पण त्याची पंखी फळे जोडीने येतात, ॲशची एकेकटी. मांडणी पाहायला दहा सेकंदांहून अधिक लागत नाहीत. ताडाच्या गटाचेही असेच आहे. त्याला खोड जाड करणारा थर नसतो, म्हणून खोडावरची जखम भरून येत नाही. पायाला खिळ्यांचे जोडे घालून ताडावर चढणे म्हणूनच चूक. सायकस ताडासारखा दिसतो, पण तो सपुष्पही नाही. झाड चुकले की छाटणी, औषध आणि जोखमीचा अंदाज, तिन्ही चुकतात.

आता वेळ. १५० जातींसाठी १५ आठवडे धरा, आठवड्याला १०. रोज २० मिनिटे पुरतात, एका रविवारच्या तीन तासांपेक्षा ती जास्त कामाची. प्रत्येक जातीचे कार्ड करा, त्यावर झाडाची ठेवण, साल, पान-फांदी आणि फळ अशी चार छायाचित्रे वेगवेगळ्या झाडांची हवीत. मागे कुल, शास्त्रीय नाव, दोन निर्णायक खुणा आणि ‘कोणाशी गल्लत होते’ हा रकाना. चौथा रकाना रिकामा राहिला तर कार्ड अर्धेच झाले असे समजा. कार्ड शिकल्यानंतर पहिल्या, तिसऱ्या, सातव्या, सोळाव्या आणि पस्तिसाव्या दिवशी परत पाहा. चुकले तर पुन्हा पहिल्या दिवसापासून. गठ्ठा यादीच्या क्रमाने लावू नका, पिसून घ्या, नाहीतर क्रमच पाठ होतो.

आठवड्यातून एकदा १५ झाडांची फेरी ४५ मिनिटांत मारावी. प्रत्येक झाडापाशी आधी मांडणी, पानाचा प्रकार आणि एक निर्णायक खूण लिहावी, मग नाव. नाव बरोबर आणि खूण चुकीची असेल तर अर्धाच गुण द्यावा. दर महिन्याला एक फेरी पूर्वी न पाहिलेल्या रस्त्यावर काढावी, कारण ओळखीच्या रस्त्यावर झाडाऐवजी जागा पाठ झालेली असते.